नागपुरात घर मांडताना: कूलर, टाकी, कुंडी आणि झाडाचं माप

खिडकी चोवीस इंचाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी होती. कूलर पुरते चोवीस. मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार, आणि आम्ही नवरा-बायको त्या कूलरकडे बघत अंगणात उभे. हातगाडीवर कूलर घेऊन आलेल्या दादांनी खिडकीला वीत लावली, कूलरला वीत लावली आणि घाम पुसत म्हणाले, "ताई, खिडकी पाहून कूलर घ्या लागते. कूलर पाहून खिडकी नाई घेता येत."

दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. शेवटी ग्रिल कापून घेतली, वेल्डरचे पैसे वेगळे गेले, आणि घरमालकाचं तोंड पुढे दोन महिने वाकडं. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये टेप असतो.

बदली होऊन, मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात) नोकरी लागून किंवा लग्न होऊन जी मंडळी नागपुरात येतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुण्या-मुंबईची मापं इथे चालत नाहीत. माणसं तीच असतात, खोल्याही तेवढ्याच असतात, पण उन्हाळा वेगळा असतो. २०१३च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४४-४५ ला आम्ही "आज जरा बरं आहे" म्हणतो. वस्तू घेताना मे डोळ्यांसमोर ठेवायचा, झाड लावताना जुलै.

आणखी एक. प्रत्येक वस्तूला दोन मापं असतात. एक तिच्या अंगाचं, जे डब्यावर छापलेलं असतं. दुसरं तिच्या वावरण्याचं: तिला हवा कुठून येणार, पाणी किती लागणार, वजन कशावर पडणार, ती पुढे किती पसरणार. विदर्भात शेताला वावर म्हणतात, त्यामुळे मी या दुसऱ्या मापाला वावराचं माप म्हणते. फसगत नेहमी तिथेच होते.

पहिली पायरी: टेप आणि वही

पाच मीटरचा लोखंडी टेप घ्या. शिवणकामाचा कापडी टेप ताणला जातो, तो नको. सुतार, वेल्डर, ग्रिलवाला हे सगळे इंच आणि सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. तुम्ही सेंटिमीटर सांगितलेत तर ते मान डोलावतील आणि मनातल्या मनात स्वतःचं माप धरतील. म्हणून वहीत दोन्ही लिहा.

खिडकी तीन ठिकाणी मोजायची: वर, मध्ये, खाली. जुन्या महाल-इतवारीच्या घरांतच नव्हे, बेसा-मनीषनगरच्या नव्या फ्लॅटमध्येही चौकट काटकोनात असेलच असं नाही. तिन्हीतलं सगळ्यात लहान माप खरं धरायचं. मग जिना मोजा, त्याचं वळण मोजा, लिफ्टचं दार मोजा, घराचं मुख्य दार पल्ला उघडून मोजा. पल्ला पूर्ण उघडला तरी बिजागरीकडे इंच-दीड इंच खातो. फ्रिज आणि दिवाण इथेच अडकतात.

दुसरी पायरी: कूलर

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण नागपुरात नव्या माणसाची पहिली मोठी खरेदी हीच असते आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मुंबईहून आलेल्यांना कूलर हा विनोद वाटतो. तिथे तो चालत नाही हे खरंच आहे. दमट हवेत पाणी उडत नाही आणि पाणी उडाल्याशिवाय गारवा येत नाही. इथे मेमध्ये दुपारी हवेत ओलावा १५-२० टक्क्यांवर येतो. बाहेर ४५ अंश आणि ओलावा १५ टक्के असताना ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवलेले पॅड) नीट भिजलेल्या असतील तर कूलरमधून येणारी हवा २८-२९ अंशांची असते. सोळा अंशांचा फरक, आणि विजेचा खर्च एसीच्या कितीतरी पट कमी. जुलैत मात्र हाच कूलर घरात नुसती ओल भरतो. तेव्हा त्याची फक्त मोटर चालवा, पंप बंद ठेवा.

आता माप. दुकानदार पात्याच्या इंचांत किंवा टाकीच्या लिटरमध्ये बोलतो. टाकीच्या लिटरवरून गारवा कळत नाही; ५५ लिटरचा कूलर ४० लिटरच्या कूलरपेक्षा जास्त गार करतो असं मुळीच नाही. बघायचं ते हवा किती फेकतो ते. हे सीएफएममध्ये असतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. कंपनीच्या डब्यावर बरेचदा तासाला किती घनमीटर हे लिहिलेलं असतं, त्याला १.७ ने भागलं की सीएफएम मिळतो.

खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा. दहा बाय बारा खोली, स्लॅब दहा फुटांवर: १२०० घनफूट. खोलीतली हवा दर दोन मिनिटांनी बदलली पाहिजे असा साधा हिशेब धरला तर ६०० सीएफएम लागतात. पण हा हिशेब मधल्या मजल्यावरच्या, सावलीतल्या खोलीचा. खोली वरच्या मजल्यावर असेल, स्लॅब दिवसभर तापत असेल, किंवा पश्चिमेची भिंत उघडी असेल तर हवा दर सव्वा मिनिटाला बदलायला हवी. म्हणजे त्याच खोलीला हजाराच्या आसपास. बारा बाय अठराच्या हॉलला याच न्यायाने १७०० ते २००० सीएफएम धरा. इथे बनणारे लोखंडी पत्र्याचे मोठे कूलर याच कामाचे असतात. दिसायला ओबडधोबड, आवाजाला दणदणीत, पण हॉल गार करतात. आवाज सहन होत नसेल तर ते बेडरूमला घेऊ नका, नंतर झोपेवरून भांडणं होतात.

याच्या उलट चूक म्हणजे लहान खोलीला हॉलचा कूलर. वारा इतका सुटतो की कॅलेंडर भिंतीवर टिकत नाही, आणि रात्री तीनला कोणीतरी उठून तो बंद करतं.

वावराचं माप आता. कूलर जेवढी हवा आत फेकतो तेवढी बाहेर जायला वाट हवी. माझा भाचा पुण्याहून इथे आला तेव्हा एसीच्या सवयीने सगळ्या खिडक्या बंद करून कूलर लावायचा आणि "मावशी, घुसमटतंय, कपडे पण ओले लागतायत" असा फोन करायचा. हजार सीएफएमला एक ते दोन चौरस फूट वाट लागते. सात फुटांचं दार तीन इंच उघडं ठेवलं की पावणेदोन चौरस फूट होतात. एवढंच करायचं असतं. वाट कूलरच्या समोरच्या बाजूला असावी, शेजारी नको, नाहीतर गार हवा खोलीत न फिरताच निघून जाते.

आणि कूलरची पाठ बाहेर हवी. कूलर खोलीच्या आत ठेवला तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि तासाभरात गारवा संपतो. म्हणून खिडकी. खिडकीचं माप घेताना ग्रिलच्या दोन गजांमधलं, पल्ला उघडल्यावर उरणारं आणि खिडकीच्या खालच्या कडेपासून बाहेरच्या जमिनीपर्यंतचं अशी तिन्ही मापं घ्या. तिसरं माप स्टँडसाठी. कूलरचं तोंड पलंगावर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर आलं की बरं.

टाकीचा हिशेब वेगळा करायचा. हजार सीएफएमचा कूलर भर दुपारी तासाला दहा-बारा लिटर पाणी उडवतो, रात्री साधारण निम्मं. चाळीस लिटरची टाकी दुपारी साडेतीन-चार तासांत तळाला जाते, मग पंप कोरडा फिरतो आणि जळतो. दुपारी घरी कोणी नसेल तर मोठी टाकी घ्या किंवा नळाची बारीक नळी आणि फ्लोट लावून घ्या. मात्र शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. बाल्कनीच्या ग्रिलवर लटकवलेल्या लोखंडी अँगलची ताकद किती हे वेल्डरला विचारूनच ठरवा.

ताट्या वाळ्याच्या घ्यायच्या, लाकूड तासून केलेल्या गवताच्या की हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांच्या), हा प्रत्येक घरातला वेगळा वाद आहे. वाळ्याचा वास पहिल्या आठवड्यात स्वर्ग असतो. हनीकोंब जास्त टिकतात, पण बोअरच्या जड पाण्याने त्यांच्या भोकांत पांढरा क्षार बसतो आणि हवा अडते. ताटी घेताना जुन्या ताटीचं माप नेऊ नका, ती आकसलेली असते. चौकटीचं आतलं माप न्या.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची आणि कोरडी ठेवायची. डेंग्यूच्या डासाची अळी साधारण आठवड्या-दहा दिवसांत डास होते. ही साखळी मधेच मोडायची एवढंच काम.

एसी घ्यायचाच असेल तर शंभर-एकशेवीस चौरस फुटांना एक टन, दीडशेच्या आसपास दीड टन, आणि वर गच्ची असेल तर अर्धा टन वाढवून. या विषयात मला फार रस नाही.

तिसरी पायरी: पाण्याची टाकी

शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा नेहमीचा सरकारी हिशेब. चौघांचे ५४० झाले. बाहेरगावचा माणूस इथेच थांबतो आणि ५०० ची टाकी घेऊन मोकळा होतो. आता उन्हाळा मिळवा. एक कूलर दुपारी सहा तास आणि रात्री आठ तास चालला तर १२० लिटर. दोन कूलर, २४०. गच्चीवर वीस कुंड्या, प्रत्येकी दोन लिटर, ४०. बेरीज ८२० होते. म्हणजे हजार लिटर ही चैन नव्हे, ती एका दिवसाची गरज आहे. एक दिवस नळ आला नाही तरी निभावायचं असेल तर थोडी काटकसर धरून दीड हजार. तेही मी एका टाकीत न घेता दोन टाक्यांत घेईन: एक धुवायला काढली तरी दुसरी चालू राहते.

एक हजार लिटरची उभी टाकी साधारण साडेतीन फूट व्यासाची असते. तुमचा जिना तीन फुटांचा असेल तर ती दोरखंडाने बाहेरून वर चढवावी लागेल, त्याची मजुरी वेगळी. भरलेली टाकी एक टनाच्या वर जाते. ती गच्चीच्या मधोमध नको, खालच्या खांबाच्या किंवा बीमच्या डोक्यावर यायला हवी. जुन्या घरात इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हा उद्योग करू नका.

टाकी सावलीत बसेल अशी जागा शोधा. नाहीतर मेमध्ये दुपारी नळाला आपोआप गिझर लागतो. आमच्याकडे आंघोळीच्या बादल्या पहाटे भरून ठेवायची पद्धत त्यामुळेच आहे.

चौथी पायरी: घरातलं किरकोळ

पंखा: दहा बाय बाराच्या खोलीला ४८ इंची, मोठ्या हॉलला ५६ इंची किंवा ४८ चे दोन, स्वयंपाकघराला ३६. पाती जमिनीपासून किमान सात-आठ फूट वर आणि स्लॅबपासून फूटभर खाली. स्लॅबला चिकटवलेला पंखा वरची तापलेली हवाच ढवळत बसतो.

पडदे: रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट, तरच चुण्या पडतात. तयार पडदे पाच, सात, नऊ फूट लांबीचे मिळतात. पश्चिमेच्या खिडकीला जाड अस्तराचा घ्या, आणि दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच जास्त, कारण ऊन फटीतूनच येतं. कूलरच्या खिडकीला पडदा लावू नका, तो ओला होऊन काळा पडतो.

गादी पलंगाच्या आतल्या मापाची. डबल म्हटलं की एक दुकानदार ७२ बाय ४८ देतो, दुसरा ७८ बाय ६०. नावावर जाऊ नका, इंच सांगा.

इन्व्हर्टर: १५० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची, हाताशी येतात चौदाशेच्या आसपास. कूलर १८० वॅट, दोन पंखे १५०, दोन दिवे २०. साडेतीनशे धरा, चार तास. लेकराची परीक्षा आणि वीज जाणं एकाच रात्री येतं, म्हणून दोनच पंखे आणि दिवे धरून कूलर वेगळा बंद करता येईल अशी वायरिंग करून घ्या.

पाचवी पायरी: कुंड्या

कुंडीचा इंच म्हणजे वरच्या तोंडाचा व्यास. खोली वेगळी विचारायची. पसरट कुंडीत मेथी-कोथिंबीर येते, गुलाब येत नाही.

नवा माणूस नर्सरीतून पिशवीतलं इवलंसं रोप आणतो आणि "पुढे वाढणारच आहे" म्हणून अठरा इंची कुंडीत लावतो. रोप महिनाभरात पिवळं. कारण एवढ्याशा मुळांना एवढं पाणी ओढता येत नाही, मधली माती सतत ओली राहते, मुळं कुजतात. पावसाळ्यात हमखास. उलट आठ इंची कुंडीत मोगरा ठेवला तर मेमध्ये सकाळी घातलेलं पाणी दुपारी बारापर्यंत संपतं आणि संध्याकाळी झाड माना टाकून बसतं. म्हणून टप्प्याने जायचं: पिशवीपेक्षा दोन-तीन इंच मोठी कुंडी, मुळं तळाच्या भोकातून डोकावली की त्याच्यापेक्षा दोन इंच मोठी.

माझ्या गच्चीवरचे आकडे सांगते. तुळस दहा इंची, पण मोठं झुडूप हवं तर बारा. मोगरा, जास्वंद, गुलाब बारा ते चौदा. मिरची-वांगं बारा, टोमॅटो चौदा. कढीपत्ता सुरुवातीला बारा, तिसऱ्या वर्षी सोळा. लिंबू अठरा ते वीस, किंवा अर्धा कापलेला ड्रम, तळाला चार भोकं पाडून. पालक-मेथीला सहा-आठ इंच खोलीचा कसलाही ट्रे चालतो. मी फुटलेली बादली वापरते.

बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते आणि पाणी घातल्यावर ती पंचवीस किलोच्या आसपास जाते. वीस कुंड्या म्हणजे अर्धा टन. त्या गच्चीच्या कडेने, खालच्या भिंतीच्या वर येतील अशा ठेवायच्या. मधोमध बाग मांडून फोटो छान येतो, पण स्लॅबला ते आवडत नाही. कठड्यावर तर एकही नको. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपता संपता वादळी पाऊस येतो आणि कुंडी खाली कोणाच्या गाडीवर पडेल ते सांगता येत नाही.

मातीची कुंडी अंगातून घाम गाळते, म्हणून मुळं गार राहतात पण पाणी लवकर जातं. काळ्या प्लॅस्टिकची पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की हात लावला तर कळतं. तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा. आणि प्लॉटवरची काळी माती नुसती भरू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीची कड सोडते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. काळी माती एक भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, रेती किंवा कोकोपीट एक भाग.

हिरवी जाळी भाजीपाल्याला पन्नास टक्के सावलीची पुरते. पंचाहत्तरची घेतली तर वाढ होते पण फळ धरत नाही. माप घेताना चारही बाजूंनी फूटभर जास्त, बांधायला. आणि पाण्याचा पाइप गच्चीच्या नळापासून सगळ्यात लांबच्या कुंडीपर्यंत भिंतीच्या कडेकडेने मोजा, हवेतून सरळ नाही. अर्ध्या इंचाचा पाइप कुंड्यांना बरा. पाऊण इंची पाइपात सव्वादोनपट जागा असते. नळाला दाब नसेल तर त्यातून पाणी नुसतं ओघळतं.

सहावी पायरी: जमिनीतलं झाड

नागपूरला आलं की संत्रं लावायचंच, असं प्रत्येकाला वाटतं. वाटणारच, २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण संत्रा बागेत ६ बाय ६ मीटरवर लावतात, म्हणजे दोन झाडांत वीस फूट. झाडाचा घेर दहा फूट त्रिज्येचा धरा. तुमचा प्लॉट पंधराशे चौरस फूट, तीस बाय पन्नास, त्यात घर. उरलं काय?

लिंबू आणि पेरूलाही साधारण तेवढीच जागा. आंब्याला पारंपरिक पद्धतीत दहा मीटर, म्हणजे घेराची त्रिज्या सोळा फूट. सीताफळाला पाच मीटर. शेवग्याला आठ-दहा फूट पुरतात, पण त्याची फांदी ठिसूळ, वाऱ्यात मोडते, म्हणून गाडी उभी राहते तिथे नको. पपई सहा-सात फुटांवर निभावते. वड, पिंपळ, उंबर घराच्या आवारात कुठेच नको. भिंतीच्या फटीत स्वतःहून उगवलेला पिंपळही लहान असतानाच काढा. काळ्या मातीत झाडाची मुळं पाणी ओढतात तशी जमीन आकसते आणि पाया हलतो. भिंतीला तिरपी चीर पडली की आपण गवंड्याला बोलावतो, कारण मात्र अंगणात उभं असतं.

संत्र्याला जागा असेलच तर खड्डा अडीच फूट लांब, रुंद, खोल. मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा, पाऊस नीट लागला की जुलैत कलम लावायचं. कलमाचा जोड जमिनीच्या सहा ते नऊ इंच वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला किंवा बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या येतो: बुंध्यातून डिंक गळतो, साल सडते, झाड वरून वाळत येतं. भारी काळ्या जमिनीत हाच मुख्य शत्रू. त्यामुळे आळं करताना बुंध्याला मातीची भर देऊन पाणी बाहेरच्या गोलात सोडायचं. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था १९८५ पासून आहे, रोगमुक्त कलमांवर तिथे काम चालतं. रस्त्यावरच्या ठेल्यावरून दोन फुटांचं, संत्रं लागलेलं कलम उचलण्यापेक्षा अशा ठिकाणी चौकशी करा. पिशवीतल्या रोपाला फळ दिसलं की माणूस भुलतो.

लावण्याआधी एक काम करा. जिथे झाड लावायचं तिथे खुंटी ठोका. तिला झाडाच्या त्रिज्येएवढी दोरी बांधा, दुसऱ्या टोकाला मुठीत चुना घ्या आणि गोल फिरा. मग गच्चीवर जाऊन खाली बघा.

भाच्याने आठ फूट रुंद पट्टीसाठी एक संत्रं, एक लिंबू आणि एक आंबा अशी तीन कलमं आणून ठेवली होती, आणि माझ्याशी वाद घालत होता की छाटत राहिलं की मावतं. मी त्याला दोरी दिली. संत्र्याचा गोल कुंपण ओलांडून शेजारच्या काकूंच्या कपडे वाळवायच्या दोरीखाली गेला. आंब्याचा पूर्ण काढताच आला नाही, मध्ये घराची भिंत आली. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "काहून रे, आमच्या अंगणात पूजा मांडून राहिला का?"

आता त्या पट्टीत दोन पपया आहेत आणि टोकाला कढीपत्ता. लिंबू वीस इंची ड्रममध्ये गच्चीवर चढलं, खांबाच्या डोक्यावर. संत्रं माझ्या मैत्रिणीच्या हिंगण्याच्या प्लॉटवर लागलं. आणि आंब्याचं कलम आमच्या मामांनी काटोलला नेलं, त्यांच्या वावरात.